शल्यविशारदांचे गुरू : व्हिव्हियन थॉमस

काही बालकांच्या हृदयात उपजतच व्यंग असते. अशा बालकांचे ओठ, नखे आणि बोटांची टोके निळसर दिसतात. चार पावले चालताच त्यांना धाप लागते. मग धावणे-खेळणे तर दूरच राहिले. अशा बालकांना नीलबालके म्हणत. 1944 सालापर्यंत या व्यंगावर काही इलाज नव्हता. मोठमोठे वैद्यही हताश होऊन पाहत राहत आणि त्या कोवळ्या कळ्या उमलण्यापूर्वीच गळून पडत. या बालकांना जीवदान देणारी शस्त्रक्रिया तीन व्यक्तींच्या परिश्रमांतून सिद्ध झाली. त्यांपैकी दोन नामांकित डॉक्टर होते. तिसऱ्याजवळ मात्र वैद्यकाची पदवी नव्हती. महाविद्यालयाचे शिक्षणही त्याच्या वाट्याला आले नव्हते. तरीही पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कित्येक शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेचे पहिले धडे त्याच्याच हाताखाली गिरवले. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस.

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म 29 ऑगस्ट 1910 रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात झाला. या वेळी मुलगी होणार, अशी आईची खात्री होती आणि तिने मुलीचे नावही आधीच ठरवून ठेवले होते. झाला मुलगा. तेव्हा त्याच नावाच्या स्पेलिंगमध्ये थोडा फरक करून तिने ते मुलाला दिले! पुढे हे कुटुंब टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरी येऊन राहिले. व्हिव्हियनचे वडील सुतारकाम करीत आणि आई शिवणकाम करी. शाळा सुटली की व्हिव्हियन वडिलांच्या कामावर जाई. रंधा कसा मारावा, दोन फळ्यांचा सांधा फट न राहता कसा बसवावा, माप घेताना सुताएवढीही चूक कशी होऊ देऊ नये, हे सारे तो वडिलांच्या नजरेखाली शिकला. हीच सफाई पुढे एका वेगळ्याच क्षेत्रात त्याच्या उपयोगी पडणार होती.

थॉमस कुटुंब कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या-गोऱ्यांचा भेद अत्यंत कडकपणे पाळला जाई. शाळा वेगळ्या, आगगाडीतील बसण्याच्या जागा वेगळ्या, फार काय, पाणी पिण्याचे नळही वेगळे. अशा परिस्थितीतही आपण डॉक्टर व्हावे, अशी आकांक्षा व्हिव्हियनने लहानपणापासून मनात बाळगली होती. 1929 साली शालेय शिक्षण पुरे झाल्यावर तो सुतारकाम करू लागला आणि महाविद्यालयाच्या खर्चासाठी मजुरीतील पैसा पैसा साठवू लागला.

परंतु दैवाला हे मंजूर नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेवर मोठी आर्थिक मंदी कोसळली. बांधकामे बंद पडली आणि सुतारांच्या हातांना काम उरले नाही. व्हिव्हियनही बेकार झाला. एका मित्राने त्याला सांगितले, की व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांना प्रयोगशाळेत एका मदतनिसाची गरज आहे. फेब्रुवारी 1930 मध्ये व्हिव्हियन तेथे कामास लागला. पगार सुतारकामाच्या मजुरीहूनही कमी होता. मंदी ओसरली की ही नोकरी सोडून महाविद्यालयात जाऊ, असा त्याचा विचार होता. पण त्याच वर्षी ज्या बँकेत त्याने आपली पुंजी ठेवली होती, ती बँकच बुडाली. कष्टाने जमविलेला पैसा गेला आणि त्याबरोबर डॉक्टर होण्याचे स्वप्नही विरले.

एखादा दुबळ्या मनाचा तरुण अशा वेळी खचून गेला असता. व्हिव्हियन थॉमस यांनी मात्र हाती आलेल्या कामातच मन घातले. डॉ. ब्लेलॉक हे तेव्हा तिशीतले तरुण शल्यविशारद होते. नव्या मदतनिसाची बुद्धी आणि हाताची सफाई त्यांच्या लवकरच ध्यानात आली. प्राण्यांना गुंगी कशी द्यावी, रक्तदाब कसा मोजावा, शस्त्रक्रिया कशी करावी आणि प्रत्येक गोष्टीची नोंद कशी ठेवावी, हे त्यांनी थॉमस यांना शिकविले. दिवसा प्रयोग करावेत आणि रात्री रसायनशास्त्राचे व शरीरशास्त्राचे ग्रंथ वाचावेत, असा थॉमस यांचा क्रम सुरू झाला. थोड्याच अवधीत ते अवघड शस्त्रक्रिया एकट्याने करू लागले.

या आरंभीच्या दिवसांतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. थॉमस यांच्या हातून प्रयोगात काही चूक झाली. डॉ. ब्लेलॉक संतापले आणि वाटेल तसे बोलले. थॉमस यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कपडे बदलले आणि ते डॉक्टरांच्या खोलीत गेले. अशी भाषा ऐकून घेण्याची आपल्याला सवय नाही, चूक होताच असेच बोलणे ऐकावे लागणार असेल तर आपण नोकरी सोडून जाऊ, असे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत सांगितले. घरात पैसा नाही, बाहेर काम मिळत नाही आणि समोर उभा असलेला अधिकारी गोरा. अशा वेळी हे बोलायला केवढे धैर्य लागले असेल! डॉ. ब्लेलॉक यांनी तेथल्या तेथे क्षमा मागितली आणि पुन्हा असे होणार नाही, असे वचन दिले. त्या दिवसापासून दोघांमध्ये परस्पर आदराचे नाते निर्माण झाले. ते पुढे 34 वर्षे टिकले.

या जोडीने प्रथम एक महत्त्वाचा शोध लावला. मोठी जखम झाली की रोग्याचे अंग गार पडते, नाडी क्षीण होते आणि पुष्कळदा तो दगावतो. या अवस्थेस शॉक असे म्हणतात. जखमी भागात विष तयार होऊन ते अंगात भिनते व त्यामुळे असे होते, असे तेव्हा अनेकांना वाटे. ब्लेलॉक आणि थॉमस यांनी असंख्य प्रयोग करून सिद्ध केले, की याचे खरे कारण रक्त व शरीरातील द्रव कमी होणे हेच आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना वेळीच रक्त व रक्तद्रव देऊन वाचविण्याच्या कामी या ज्ञानाचा मोठा उपयोग झाला.

डॉ. ब्लेलॉक यांची कीर्ती आता पसरू लागली. डेट्रॉइट शहरातील एका रुग्णालयाने त्यांना मोठे पद देऊ केले. पण कृष्णवर्णीय माणसाला तेथे नेमता येणार नाही, असे कळताच त्यांनी ते पद नाकारले. थॉमस यांच्यावाचून आपले काम होणार नाही, हे ते जाणून होते. 1941 साली बाल्टिमोर येथील सुप्रसिद्ध जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेव्हा थॉमसही पत्नी व दोन लहान मुलींसह बाल्टिमोरला आले.

नव्या ठिकाणी मानहानीचे प्रसंग कमी नव्हते. त्या रुग्णालयात तेव्हा कृष्णवर्णीय माणसे बहुधा झाडलोटीची व तशीच हलकी मानली जाणारी कामे करीत. पांढरा कोट घालून जाणारा कृष्णवर्णीय माणूस दिसला, की लोक थबकून पाहत राहत. थॉमस यांचे काम संशोधकाचे होते. परंतु दप्तरी त्यांची नोंद आणि पगार मात्र खालच्या दर्जाच्या नोकराचा असे. मिळकत पुरेना, म्हणून डॉ. ब्लेलॉक यांच्या घरी मेजवानी असली की ते तेथे पाहुण्यांना पेये देण्याचे काम करीत. ज्यांना सकाळी प्रयोगशाळेत शस्त्रक्रिया शिकवावी, त्यांनाच सायंकाळी पेला नेऊन द्यावा, असा हा विचित्र संसार होता. तरीही त्यांनी आपल्या कामात कधी कसूर केली नाही.

जॉन्स हॉप्किन्समध्ये डॉ. हेलन टॉसिग नावाच्या एक विदुषी बालकांच्या हृदयरोगांचा अभ्यास करीत होत्या. त्यांना कमी ऐकू येई. म्हणून बालकाच्या छातीवर हात ठेवून त्या बोटांनी हृदयाचे ठोके पारखीत. नीलबालकांची दैना पाहून त्यांचे मन कळवळे. ही बालके निळी का पडतात, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या शरीरातील वापरलेले रक्त हृदयात येते, तेथून ते फुप्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन लाल होते आणि परत हृदयात येऊन सर्व शरीरभर पसरते. नीलबालकांच्या हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी वाटच अरुंद असते. शिवाय हृदयाच्या दोन भागांमधील पडद्यास भोक असते. त्यामुळे पुष्कळसे रक्त फुप्फुसांत न जाता तसेच अशुद्ध स्थितीत शरीरात फिरते. फुप्फुसांना अधिक रक्त पोहोचविता आले, तर ही बालके जगतील, असे डॉ. टॉसिग यांचे मत होते. 1943 साली त्यांनी आपला विचार डॉ. ब्लेलॉक व थॉमस यांच्यापुढे मांडला.

आणि काय योगायोग पाहा! काही वर्षांपूर्वी नॅशव्हिल येथे या दोघांनी एक निराळाच प्रयोग केला होता. हाताकडे जाणारी मोठी रोहिणी कापून त्यांनी ती फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीला जोडली होती. फुप्फुसातील रक्ताचा दाब वाढतो की काय, हे त्यांना पाहावयाचे होते. दाब काही वाढला नाही आणि प्रयोग फसला. पण तोच फसलेला प्रयोग आता उपयोगी पडणार होता. एका पाटाचे पाणी पिकाला पुरत नाही असे दिसले, की शेतकरी शेजारच्या पाटातून दांड काढून ते शेतात आणतो ना? अगदी तसेच हाताकडे जाणारे रक्त फुप्फुसांकडे वळवावयाचे होते. हातास रक्त पुरविण्याचे काम इतर लहान रोहिण्या सांभाळून घेतात.

कल्पना सुचली, पण ती प्रत्यक्षात कशी आणावी? लहान बालकांच्या अंगावर प्रथमच प्रयोग करणे योग्य नव्हते. म्हणून आधी नीलबालकासारखी स्थिती कुत्र्यांमध्ये निर्माण करावयाची आणि मग ती शस्त्रक्रियेने दूर करावयाची, असे ठरले. हे सारे काम थॉमस यांच्याकडे आले. सुमारे दोन वर्षे ते या कामात गढून गेले होते. सुमारे 200 कुत्र्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एवढ्या नाजूक रक्तवाहिन्या जोडण्यास योग्य अशी हत्यारे मिळत नव्हती. तेव्हा थॉमस यांनी सुया तोडून आखूड केल्या, त्यांना नव्याने धार लावली आणि रक्तवाहिनी न दुखावता रक्त थोपवून धरणारे चिमटे जुळवून घेतले. वडिलांच्या हाताखाली सांधा जोडावयास शिकलेली बोटे आता रेशमाच्या बारीक धाग्याने रोहिणीला रोहिणी जोडू लागली. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगलेल्या कुत्र्यांत ॲना नावाची एक कुत्री होती. पुढे या ॲनाचे चित्र जॉन्स हॉप्किन्समध्ये लावण्यात आले. मुक्या प्राण्यांचे ऋण त्या लोकांनी अशा रीतीने मान्य केले.

29 नोव्हेंबर 1944 हा दिवस उजाडला. पंधरा महिन्यांची एक बालिका अत्यवस्थ झाली होती. तिचे वजन जेमतेम 4 किलो भरत होते. शस्त्रक्रिया न केली, तर ती वाचण्याची आशा नव्हती. केली तरी भरवसा देता येत नव्हता. डॉ. ब्लेलॉक यांनी ही शस्त्रक्रिया एकदाच केलेली होती आणि तीही एका कुत्र्यावर, थॉमस यांच्या देखरेखीखाली. म्हणून शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकताच त्यांनी थॉमस यांना बोलावून घेतले आणि आपल्या मागे उभे राहावयास सांगितले. थॉमस एका लहानशा पायरीवर चढून डॉक्टरांच्या उजव्या खांद्यावरून पाहू लागले.

खोली निःशब्द झाली. त्या बालिकेच्या रोहिण्या कुत्र्याच्या रोहिण्यांहूनही कितीतरी बारीक होत्या. डॉ. ब्लेलॉक एकेक टाका घालीत होते आणि मधून मधून हळू आवाजात थॉमस यांना विचारीत होते. रोहिणीवर छेद पुरेसा मोठा झाला काय? टाका उलट बाजूने तर पडत नाही ना? थॉमस तितक्याच हळू आवाजात उत्तर देत होते. ज्या माणसाला कायद्याने रोग्याला हात लावण्याची परवानगी नव्हती, त्याच्याच शब्दांवर एका विख्यात शल्यविशारदाचा हात चालत होता. शेवटी चिमटे काढण्यात आले. टाके टिकले. रक्त नव्या वाटेने फुप्फुसाकडे वाहू लागले.

ती बालिका त्या दिवशी वाचली आणि काही आठवड्यांनी घरी गेली. दुर्दैवाने पुढे तिचा आजार उलटला आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती मरण पावली. परंतु वाट सापडली होती. 1945 सालच्या आरंभी सहा वर्षांच्या एका मुलावर हीच शस्त्रक्रिया झाली. चिमटे काढताच त्याचे निळे पडलेले ओठ पाहता पाहता गुलाबी झाले! तेथे जमलेल्या सर्वांच्या मुखावर आनंद पसरला. ही वार्ता जगभर गेली. दूरदूरच्या देशांतून आईबाप आपल्या निळ्या पडलेल्या लेकरांना घेऊन बाल्टिमोरची वाट धरू लागले. एका वर्षाच्या आत अशा 200 हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आरंभीच्या कित्येक शस्त्रक्रियांच्या वेळी थॉमस डॉ. ब्लेलॉक यांच्या पाठीशी उभे असत. ते आल्याशिवाय डॉक्टर हातात शस्त्र घेत नसत.

या शस्त्रक्रियेचा वृत्तांत मे 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर डॉ. ब्लेलॉक व डॉ. टॉसिग यांची नावे होती. शस्त्रक्रियेसही त्यांचीच नावे मिळाली. त्या दोघांवर सन्मानांचा वर्षाव झाला. थॉमस यांचे नाव मात्र कोठेच आले नाही. त्यांना याचे दुःख झाले नसेल काय? झालेच असणार. पण त्या दुःखाने त्यांचे मन कडवट झाले नाही. तुटपुंज्या पगारात संसार चालेना, तेव्हा नॅशव्हिलला परत जाऊन सुतारकाम करावे, असे त्यांनी एकदा ठरविले होते. तेव्हा डॉ. ब्लेलॉक यांनी खटपट करून त्यांचा पगार वाढवून घेतला. डॉक्टर होण्याची जुनी इच्छाही एकदा पुन्हा उचंबळून आली. त्यांनी एका महाविद्यालयात चौकशी केली. इतक्या वर्षांच्या अनुभवाची काहीही दखल घेतली जाणार नाही, पहिल्या वर्गापासूनच आरंभ करावा लागेल, असे उत्तर आले. तसे केले असते, तर डॉक्टर होईपर्यंत वयाची पन्नाशी आली असती. थॉमस यांनी तो विचार कायमचा सोडून दिला.

स्वतः डॉक्टर होता आले नाही. पण त्यांनी डॉक्टर घडविले. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून त्यांनी सुमारे 35 वर्षे काम पाहिले. शल्यविद्या शिकणारे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे येत. हत्यार कसे धरावे, रक्तवाहिनी कशी हाताळावी, टाका घालताना घाई कशी करू नये, हे ते प्रत्यक्ष करून दाखवीत. त्यांच्या हाताची एकही हालचाल वाया जात नसे, असे त्यांचे शिष्य सांगत. ते कधी आवाज चढवीत नसत. ज्याला स्वतःला कठोर शब्द सहन झाला नव्हता, तो गुरू आपल्या शिष्याला कठोर शब्द कसा बोलेल? त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी डॉ. डेंटन कूली यांनी 1969 साली रोग्याच्या छातीत कृत्रिम हृदय बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. शिक्षणाची संधी न मिळालेल्या अनेक कृष्णवर्णीय तरुणांनाही थॉमस यांनी प्रयोगशाळेतील विद्या शिकवून पायांवर उभे केले. पुढे डॉ. लेव्ही वॉटकिन्स हे कृष्णवर्णीय तरुण शल्यविशारद तेथे आले. थॉमस यांनी त्यांच्यावर वडिलांसारखी माया केली. याच वॉटकिन्स यांनी 1980 साली हृदयाची बिघडलेली गती आपोआप सुधारणारे यंत्र प्रथमच एका रोग्याच्या शरीरात बसविले.

डॉ. ब्लेलॉक 1964 साली निवर्तले. त्यांच्या पश्चात थॉमस यांनी प्रयोगशाळेचे काम तितक्याच निष्ठेने चालू ठेवले. काळ हळूहळू पालटत होता. देशोदेशी मोठमोठ्या पदांवर गेलेल्या शिष्यांना आपल्या गुरूची आठवण झाली. त्यांनी वर्गणी काढून थॉमस यांचे तैलचित्र करवून घेतले आणि 27 फेब्रुवारी 1971 रोजी ते रुग्णालयास अर्पण केले. डॉ. ब्लेलॉक यांचे नाव दिलेल्या इमारतीत, त्यांच्याच चित्रासमोर ते लावण्यात आले. 1976 साली जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. तरी ज्यांना आजवर सारे नुसते नावाने हाक मारीत, त्यांना आता सर्वजण डॉ. थॉमस म्हणू लागले. शस्त्रक्रिया विभागात अध्यापक म्हणूनही त्यांची रीतसर नेमणूक झाली. 1979 साली ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी आपले आत्मचरित्र लिहून पुरे केले. ते छापून झाले. पण ते लोकांच्या हाती पडलेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. 26 नोव्हेंबर 1985 रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच ते पुस्तक प्रसिद्ध झाले.

पूर्वी केवळ दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शस्त्रक्रियेला आता अनेक डॉक्टर ब्लेलॉक, थॉमस आणि टॉसिग या तिघांच्याही नावाने ओळखतात. शस्त्रक्रियेचे तंत्र त्यानंतर पुष्कळ पुढे गेले आहे. नीलबालकांच्या हृदयातील मूळ व्यंगच आता दुरुस्त करता येते. तरी पहिली वाट पाडणाऱ्यांचे महत्त्व कमी होत नाही. मुलांनो, एखादा मुलगा धापा टाकण्याचे थांबून आपल्या सवंगड्यांबरोबर मैदानात धावू लागतो, तेव्हा त्याला हे बळ कोणी दिले, हे त्याला ठाऊकही नसते. थॉमस यांनाही त्याची अपेक्षा नव्हती. पदवी, पैसा आणि मान यांपैकी काहीही हाती नसताना त्यांनी आपले काम निर्दोष व्हावे, एवढाच ध्यास घेतला. जगाने त्यांना ओळखण्यास फार उशीर केला, हा दोष जगाचा होय. त्यांच्या हातून घातला गेलेला टाका मात्र कधी सैल पडला नाही.